काय म्हणतोस, जेवलास का?

ताडकळसला एसटी थांबली की उतरणाऱ्यांपेक्षा चढणाऱ्यांची घाई जास्त. परभणीला कॉलेजला, दवाखान्यात, कोर्टात निघालेली माणसं दाराशी दाटी करतात आणि आतली माणसं पिशव्या सांभाळत त्यांच्यातून वाट काढतात. त्या रेटारेटीत एक जण उतरत असतो, एक चढत असतो. दोघांची नजरानजर होते आणि पायरीवरच बोलणं उरकतं.

‘‘काय म्हणतोस?’’

‘‘काही नाही. तू?’’

‘‘चाललंय. जेवलास का?’’

‘‘हो हो. कव्हा येणार?’’

‘‘सांजच्याला.’’

कंडक्टर दोरी ओढतो, गाडी हलते. सकाळचे आठ वाजलेले असतात. या वेळी चहा-खारीपलीकडे कुणाच्या पोटात काही गेलेलं नसतं, हे विचारणाऱ्याला ठाऊक असतं आणि ‘हो हो’ म्हणणाऱ्यालाही. तरी विचारलं जातं, आणि ज्या दिवशी विचारलं जात नाही त्या दिवशी ‘हा आज न बोलता गेला, काय बिनसलं?’ म्हणून दिवसभर डोक्याला भुंगा लागतो.

‘ओळखदेख’ हा विषय हाती आल्यावर ताडकळसची वाट धरावी, याला कारण आहे. परभणी जिल्ह्यातलं, पूर्णा तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. तालुक्याचं ठिकाण नसलं तरी गावाला स्वतःची कृषी उत्पन्न बाजार समिती आहे, पोलीस ठाणं आहे. आसपासच्या खेड्यांतली माणसं कामाला इथं येतात, आणि इथली माणसं पूर्णेला, परभणीला जातात. एकाच माणसाची दिवसातून तीनदा गाठ पडते अशी ही जागा. अनोळखी माणसाला भेटताना काय म्हणायचं हे पुस्तकं शिकवतात. रोज दिसणाऱ्या दोस्ताला काय म्हणायचं, हे अशाच गावात उभं राहून ऐकावं लागतं.

हात जोडले की संशय येतो

इथं ‘नमस्कार’ गुरुजींना असतो, तलाठ्याला असतो, बँकेतल्या साहेबाला असतो. वयानं मोठ्या शेतकऱ्याला ‘रामराम मालक’. बालपणीच्या मित्रानं मात्र समोर येऊन हात जोडले तर पहिला प्रश्न येतो, ‘‘का रे, उसने पाहिजेत का?’’

मित्रामित्रांतला माल वेगळाच. ‘काय लेका’, ‘काय गड्या’, ‘का बे’, ‘काय करायलास’. त्याहून मजेदार म्हणजे वाटलेली पदं. गावात खरा सरपंच एकच, पण कट्ट्यावर ‘काय सरपंच’ अशी हाक ऐकून वळून बघणारे चार जण तरी निघतात. कुणी ‘नेते’, कुणी ‘आमदार’, तर ज्याच्या खिशात दमडी नाही तो हटकून ‘शेठ’. ‘दाजी’ हे त्यातलं सगळ्यात तिखट. मित्राला दाजी म्हणणं म्हणजे आपली बहीण त्याला दिल्यासारखं बोलणं. ते फक्त अशालाच म्हणता येतं, ज्याच्याशी भांडण होणार नाही याची खात्री आहे.

आणि मग येतो तो खास प्रकार, जे दिसतंय तेच विचारण्याचा. खांद्यावर फवारणीचा पंप असलेल्याला ‘फवारणी का?’ सलूनमध्ये गळ्याभोवती कापड बांधून बसलेल्याला ‘दाढी का?’ हातात पिशवी, पिशवीतून मेथी डोकावतेय, तरी ‘बाजार केला का?’ शहरातून आलेल्या भाच्याला हे प्रश्न खुळचट वाटतात. ‘‘नाही, पोहायला बसलोय,’’ असं एखादा भाचा सलूनमध्ये म्हणूनही जातो, आणि मग मामालोकांत त्याची गणना ‘शिष्ट’ म्हणून होते.

ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञानं १९२३ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात अशा बोलण्याचा विचार केला होता. पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियंड बेटांवर त्याचा मुक्काम झाला होता. माहिती देण्यासाठी नव्हे, तर नुसता बंध टिकवण्यासाठीही माणसं बोलतात, असं त्याचं म्हणणं. सलूनमधल्या मामाला एवढं माहीत असतं, त्यासाठी बेटावर जावं लागत नाही.

पेइचिंगच्या गल्लीतलं बोलणं

असंच बोलणं दूर चीनमध्येही चालतं. तिथली भाषा शिकायला घेतली की पहिल्या धड्यात ‘नी हाओ’ येतं. मराठवाड्यातली बरीच पोरं ते शिकली आहेत. नांदेड-लातूरच्या शिकवण्यांतून ‘नीट’ परीक्षा देऊन इथं प्रवेश हुकला की काहींनी वैद्यकीय शिक्षणासाठी चीनची वाट धरली. कोरोनाआधी अशा भारतीय विद्यार्थ्यांची संख्या हजारोंत होती. शिकवणं इंग्रजीत असलं तरी रुग्णाशी बोलायचं चिनीतच, म्हणून तिथं एचएसके ही भाषेची परीक्षाही द्यावी लागते.

‘नी हाओ’ चुकीचं नाही. दुकानात, कार्यालयात, पहिल्या भेटीत ते चालतं. पण रोजच्या दोस्ताला ते म्हटलं की थोडं कडक इस्त्रीचं वाटतं, ताडकळसच्या कट्ट्यावरच्या ‘नमस्कार’सारखंच. जुन्या गल्ल्यांतून, वसाहतीच्या फाटकाशी, जिन्यात ओळखीचे लोक भेटले की निघतं ते ‘छ्र ल मा?’ म्हणजे जेवलास का. उत्तर ‘छ्र ल’, जेवलो. आणि लगेच उलटा तोच प्रश्न. कँटन भागातल्या भाषेत, तैवानमधल्या बोलीतही जेवणाचीच चौकशी, फक्त शब्द तिथले. तरुण पोरांत ‘गान मा न?’ म्हणजे आपलं ‘काय करायलास?’ बाहेर पडणारा दिसला तर ‘छ्यू नार?’ म्हणजे कुठं निघालास. सकाळी नुसतं ‘त्साओ’. फार दिवसांनी भेटलेल्याला ‘हाओ च्यौ बू च्येन’, जिथं ताडकळसचा माणूस ‘लई दिसानं दिसलास’ म्हणतो. भाजीची पिशवी घेऊन परतणाऱ्या शेजाऱ्याला ‘भाजी आणली?’ हे विचारणंही तिथं सर्रास चालतं. आपला भाचा तिथंही शिष्ट ठरला असता.

पदांचा खेळसुद्धा तसाच. आडनावापुढं थोरासाठी ‘लाओ’, लहानासाठी ‘श्याओ’ लावलं की वांग नावाचा सहकारी ‘लाओ वांग’ होतो आणि सलगी दिसते. खिशात काही नसलेल्या मित्राला ‘लाओपान’, म्हणजे शेठ, म्हणून चिडवतात.

चीनमध्ये जेवणाची चौकशी का, याला दुष्काळाचं कारण सांगितलं जातं. इतिहासात भूक एवढी पाहिली की भेटल्यावर पहिली काळजी पोटाची. हेच स्पष्टीकरण मराठवाड्यालाही चिकटवता येईल. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसं अजून आहेत. खडी फोडायच्या कामावरची सुकडी आणि परदेशातून आलेला लाल मिलो यांची चव त्यांना आठवते. त्या वर्षी ‘जेवलास का’ हा प्रश्न खराच होता, आणि विचारायला धीर लागायचा, कारण ‘नाही’ म्हणाला तर घरात घालायला काय आहे?

तरीही ही उपपत्ती पुरती पटत नाही. कोरियात, थायलंडात मित्र हेच विचारतात, केरळातही विचारतात. प्रश्न सोपा आहे, कुणालाही लागू पडतो, उत्तर एका शब्दात येतं, आणि पैसा, लग्न, आजार यांना हात न लावता आपुलकी दाखवता येते. एवढे गुण असलेला प्रश्न टिकायला दुष्काळाची गरज नाही.

त्याला एकच जागा वर्ज्य. पेइचिंगच्या जुन्या गल्ल्यांत घरोघरी संडास नसायचे, गल्लीचा एक सार्वजनिक असायचा, आणि त्याच्या दारातच शेजारी शेजाऱ्याला ‘जेवलास का’ विचारतो, हा तिथला जुना विनोद. आपल्याकडं नियम आधीपासून कडक आहे. पहाटे हातात डबा घेऊन निघालेल्याला कुणी रामराम घालत नाही. तो दिसतच नाही.

रामराम, जय भीम, सलाम

मित्रांचं बोलणं असं सैल असलं, तरी गावातलं सगळंच अभिवादन सैल नाही. ताडकळसच्या बाजारात तासभर कान देऊन उभं राहिलं तर ‘रामराम’, ‘जय भीम’, ‘सलाम आलेकुम’, ‘राम कृष्ण हरी’, ‘जय जिजाऊ’, ‘जय शिवराय’, ‘शरणार्थ’, ‘जय सेवालाल’, महानुभावांचं ‘दंडवत’ यांतले बरेच कानावर पडू शकतात. पहिल्याच शब्दात माणूस कुठला, कुणाचा, कोणत्या वाटेचा हे कळतं. काही वेळा तेच कळावं म्हणून तो शब्द उच्चारला जातो.

यांत ‘जय भीम’ची कथा वेगळी, कारण ते कुणीतरी विचारपूर्वक घडवलं. नागपूरजवळच्या कामठीचे बाबू हरदास एल. एन., जन्म १९०४ चा, हे त्याचे जनक मानले जातात. मुसलमान माणसं एकमेकांना सलाम करतात आणि त्याचं ठरलेलं उत्तर येतं, हे त्यांनी एका मौलवीकडून समजून घेतलं. आपल्या लोकांकडंही असं काही हवं, असं त्यांच्या मनात आलं. सुरुवातीला ‘जय भीम’ला ‘बळ भीम’ असं उत्तर सुचवलं गेलं. पुढं दोन्ही बाजूंनी ‘जय भीम’च रूढ झालं. हरदास १९३९ मध्ये ऐन तारुण्यात गेले. ‘जय भीम’ येण्याआधी महार माणसानं वरच्या मानल्या गेलेल्यांपुढं वाकून ‘जोहार’ घालायचा असे. जोहार खालून वर जायचा. ‘जय भीम’ला तेच उत्तर मिळतं, बरोबरीनं.

मराठवाड्यात हा शब्द उच्चारणं नेहमी सोपं नव्हतं. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव १९७८ मध्ये झाला आणि गावोगाव दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. त्या सोळा वर्षांत चावडीसमोर मोठ्यानं ‘जय भीम’ म्हणणं हे नुसतं अभिवादन राहिलं नव्हतं. पूर्णा हे रेल्वेचं जंक्शन आणि आंबेडकरी चळवळीचं जुनं ठाणं. त्या बाजूला हा शब्द ठसठशीतपणे ऐकू येतो.

इथं मित्र काय करतात ते पाहण्यासारखं आहे. वर्गात एका बाकावर बसलेले दोघं, एक ‘जय भीम’वाला, दुसरा ‘जय शिवराय’वाला, एरवी एकमेकांना ‘का बे’ म्हणतात. पण एकजण मित्राच्या घरी गेला आणि ओट्यावर त्याचे वडील बसलेले असले, की तो त्या घरचा शब्द वापरतो. ‘जय भीम काका’ किंवा ‘रामराम काका’. वडीलही ओळखतात आणि हसून उत्तर देतात. सगळेच असं करत नाहीत, हेही खरं. आपला शब्द सोडायचा नाही असं ठरवून ‘जय भीम’ला मुद्दाम दुसरं काही उत्तर देणारे आहेत, आणि त्या उत्तरातला काटा ऐकणाऱ्याला बरोबर टोचतो.

मुसलमान मित्रांच्या बाबतीत भाषाच बदलते. फळांच्या गाड्यावरच्या बागवानाशी शेतकरी आपली दखनी वळवून बोलतो, ‘‘क्या भई, कैसा है धंदा?’’ आणि बागवान मराठीत उत्तर देतो, ‘‘बरं हाय मालक, तुमचं सोयाबीन काढलं का?’’ दोघंही दुसऱ्याच्या अंगणात शिरलेले. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता; सरकारदरबारी उर्दू होती. दरबार गेला, बाजारातली दखनी राहिली.

भाव काय लागला

आडतीवरचं अभिवादन हंगामाप्रमाणे बदलतं. जूनमध्ये ‘पडला का तुमच्याकडं?’ यात पाऊस हा शब्द लागत नाही. जुलैत ‘पेरणी उरकली का?’ पुढं ‘लाईट कधीची हाय?’, कारण मोटारीची वीज एका आठवड्याला दिवसा तर एकाला रात्री, आणि रात्रीची पाळी असलेल्याचे डोळे बघूनच कळतं. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची पोती येतात आणि ‘काय भाव लागला?’ सुरू होतं.

हा एक प्रश्न मात्र नुसत्या ओळखीचा नसतो. उत्तर हवं असतं. पट्टी हातात घेऊन बाहेर पडलेला शेतकरी आकडा सांगताना आवाज खाली आणतो. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला, पण आडतीवर पोत्यात हात घालून दाणा दाताखाली धरला जातो, हवा, म्हणजे ओल, जास्त आहे म्हणून भाव तोडला जातो. मग मित्र आकडा विचारत नाही, ‘‘हवा किती धरली?’’ एवढंच विचारतो. त्यावरून त्याला सगळं समजतं.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, गोदावरी पात्राबाहेर आली, उभी पिकं पाण्यात बसली. अशा वेळी ‘काय म्हणतोस’ पुढं सरकत नाही. ‘तुमचं किती गेलं?’ इथूनच बोलणं सुरू होतं.

कोरड्यास काय केलं?

बाया एकमेकींना रामराम घालताना क्वचितच दिसतात. पिठाच्या गिरणीत डबा रांगेत ठेवून उभ्या असलेल्या दोघी ‘काय गं माय, झाली का भाकर?’ इथून सुरू करतात आणि ‘कोरड्यास काय केलं?’ वर येतात. पुरुषांच्या ‘जेवलास का’ला ‘हो हो’ पुरतं. बायांच्या प्रश्नाला खरं उत्तर द्यावं लागतं: ‘‘काय करावं, भाजी महाग झाली, वरण घोटलं अन् ठेचा वाटला. पोरगं वरण खाईना, त्याला दूध-भाकर दिली.’’ एवढ्यातून घरातला तुटवडा, पोराचा हट्ट आणि नवऱ्याची आवड असं सगळं पलीकडं जातं. गावातली बातमी बाजारापेक्षा गिरणीत लवकर पोचते ती अशी.

सणाला माहेरी आलेल्या मुलीसाठी मैत्रिणींचे प्रश्न ठरलेले. ‘कव्हा आलीस?’, ‘कोण आलं सोडायला?’, ‘किती दिस हायस?’ तिसऱ्याचं उत्तर फार लांबलं, महिन्यावर गेलं, की चौथा प्रश्न कुणी चारचौघांत विचारत नाही. तो नंतर, धुणं धुताना, एकटीला गाठून.

कुठं म्हणू नये

‘कुठं निघालास?’ हा प्रश्न चिन्यांना चालतो, ताडकळसात जपून वापरावा लागतो. कामाला बाहेर पडणाऱ्याला ‘कुठं’ विचारलं की काम होत नाही, असा जुन्या माणसांचा समज. म्हणून जाणती माणसं ‘लांब का?’ असं विचारतात. तरण्या पोरांना हे पाळायला वेळ नसतो. ती ‘कुठं बे?’ म्हणतात आणि ‘काशीला!’ असं उत्तर खातात. सरळ उत्तर द्यायचंच नसेल तर ‘इकडंच’. हे ‘इकडंच’ चौकातल्या टपरीपासून पुण्यापर्यंत कुठंही असू शकतं. चिनी माणूसही अशा वेळी ‘जरा बाहेर’ एवढंच सांगून सुटतो.

मोबाईलनं मात्र हा समज मोडीत काढला. घरात एकच फोन होता तेव्हा ‘हॅलो, कोण बोलतंय?’ हे पहिलं वाक्य असे. आता नाव पडद्यावर दिसतं, ‘कोण’ गेलं, त्या जागी ‘कुठं हायस?’ आलं. चीनमध्येही ‘वेइ’ म्हटल्यावर पाठोपाठ हीच विचारणा येते. २०२२ च्या गांधी जयंतीपासून महाराष्ट्र सरकारनं कर्मचाऱ्यांना फोनवर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणायला सांगितलं. साहेबांच्या फोनचं काय झालं ते साहेब जाणोत. दोस्ताचा फोन ‘कुठं हायस बे?’ नंच सुरू होतो.

लिहिण्यातली तऱ्हा आणखी वेगळी. व्हॉट्सॲपवर सकाळी फुलांच्या चित्रावर ‘शुभ सकाळ’ येतं ते काकालोकांकडून. पोरं ‘जेवलीस का?’ पाठवतात, आणि हा प्रश्न आता एवढा बदनाम झालाय की त्यावर विनोदांचा पाऊस पडतो. बोलायला काही नसलेला पोरगा म्हणजे ‘जेवलीस का’वाला. चीनमध्ये २०११ पासून वीचॅट आहे, तिथं असाच कंटाळा ‘त्साय मा?’ला येतो, म्हणजे नुसतं ‘आहेस का?’ विचारून गप्प बसणारा. उसने मागायचे असतील अशी शंका तिथंही लगेच येते. आपल्याकडं वीचॅट फारसं रुजलं नाही, आणि २९ जून २०२० ला टिकटॉकसह ज्या ५९ चिनी ॲपवर बंदी आली त्यांत तेही गेलं. टिकटॉकची हळहळ गावागावात झाली. वीचॅट गेल्याचं कुणाला कळलंही नाही.

बरं मग

सुरुवात दोन शब्दांत होते. निरोपाला वेळ लागतो. पारावरून उठताना एक जण ‘बरं मग’ म्हणतो. दुसरा ‘बरं’ म्हणतो. कुणीच हलत नाही. ‘चल, येतो’ म्हणून गाडीला किक मारली जाते आणि नेमकं तेव्हाच खरं काम निघतं: ‘‘अरे, ते सोसायटीच्या कर्जाचं काय झालं?’’ गाडी बंद होते. इथं ‘जातो’ म्हणायचं नसतं, ‘येतो’ म्हणायचं. आणि ज्या घरी माणूस वारलंय तिथून उठताना ‘येतो’सुद्धा म्हणायचं नाही, नुसतं उठून चालू लागायचं.

आमंत्रणाचंही गणित आहे. चिनी मित्र निरोप घेताना ‘कधीतरी जेवू एकत्र’ म्हणतात, आणि त्यासाठी कुणी तारीख लिहून घेत नाही. ताडकळसचं ‘ये की एकदा घरी’ त्याच जातीचं. ते ऐकून दुसऱ्या दिवशी कुणी खरंच दारात उभं राहिलं तर घरधनीण चपापते, चहा होतो, पण जेवण होईलच असं नाही. वार सांगितला, वेळ सांगितली, ‘धपाटे करायला सांगतो’ असं म्हटलं, की ते पक्कं. आणि ‘भाकर खाऊन जा’ हे चुलीवर तवा चढलेला असताना म्हटलेलं असतं. त्याला ‘हो हो, जेवलो’ असं एसटीच्या पायरीवरचं उत्तर दिलं तर घरचे ऐकून घेत नाहीत, हाताला धरून पाटावर बसवतात.